गोड्या पाण्यातली म्हणून विकलेली स्पीडबोट

दिवाळीच्या आधी मी, माझा मेहुणा आणि आमचा एक जुना मित्र अशा तिघांनी मिळून 3 लाख 25 हजारांना एक वापरलेली स्पीडबोट घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘गोड्या पाण्यातली, एकाच मालकाची, 40 हॉर्सपॉवर, कागदपत्रं क्लिअर.’ या चारपैकी एकही गोष्ट खरी निघाली नाही. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे लिहायला बसलो ते पैशासाठी नाही. त्या बोटीत आमची मुलं बसली होती, आणि विकणाऱ्याला ती बोट मागून कुजलेली आहे हे पक्कं ठाऊक होतं.

नाशिककरांना बोटीचं वेड का लागतं हे वेगळं सांगायला नको. एका बाजूला गंगापूर, दुसऱ्या बाजूला इगतपुरी तालुक्यातली दारणा, मुकणे, भावली, वैतरणा. पावसाळा सरला की सगळीकडे तुडुंब पाणी. गंगापूरच्या बोट क्लबवर तिकीट काढून एक चक्कर मारली की माणूस घरी येऊन जाहिराती शोधायला लागतो. आमच्या मित्राच्या एका नातेवाइकाचं इगतपुरीकडे फुगवट्याच्या काठी छोटं जलक्रीडा केंद्र आहे, रीतसर परवानगीचं. बोट त्याच्याकडे ठेवायची आणि त्याला नेमून दिलेल्या हद्दीतच चालवायची असं ठरलं होतं. धरण जलसंपदा विभागाचं असतं. आपली जमीन काठाला लागून आहे म्हणून कुणालाही इंजिनची बोट पाण्यात सोडता येत नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र खरोखर सुखाचे गेले, आणि ते लपवायचं काही कारण नाही. थ्रॉटल पुढे ढकलला की आधी बोटीचं नाक वर उठतं, समोरचं काही दिसत नाही, आणि मग एका क्षणी ती पाण्यावर चढते, नाक खाली येतं, आवाज बदलतो, पाणी तळाखालून नुसतं सरकत जातं. समोर कळसूबाईची रांग, अंगावर बारीक तुषार. माझी आई जन्मात कधी नावेत बसली नव्हती. ती लाइफ जॅकेट घालून पुढच्या सीटवर बसली आणि परत काठाला यायला तयार होईना. पेट्रोल भरपूर लागतं. टू-स्ट्रोक 40 चं इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाला साधारण 15 लिटर पिऊन टाकतं. तरी तिघांत वाटून ते परवडत होतं. स्वस्त बोटीतलं सुख खोटं नसतं. म्हणून तर असल्या जाहिरातींना गिऱ्हाईक मिळतं.

आता फसवणूक कशी झाली ते सांगतो.

बोट रायगडच्या किनाऱ्यावर होती. विकणारा म्हणाला, ‘साहेब, ही लोणावळ्याच्या एका शेठची. पवनेच्या काठी बंगला आहे त्यांचा, तिथेच असायची. गिऱ्हाईक इकडे मिळतं म्हणून विकायला आणली. खाऱ्या पाण्यात आठवडाभरसुद्धा नाही.’ हे तो का सांगत होता ते समजून घ्या. आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन, ज्या पाण्यात चालतं तेच पाणी आत ओढून थंड राहतं. समुद्राचं पाणी असेल तर मीठ इंजिनच्या आतल्या वाटांमध्ये बसतं आणि ॲल्युमिनियम पोखरतं. रोज गोड्या पाण्याने धुतलं नाही तर काही वर्षांत इंजिन आतून संपतं, बाहेरून रंग कितीही चकचकीत असो. म्हणून गोड्या पाण्यातल्या बोटीला भाव जास्त, आणि म्हणूनच हे खोटं सर्रास बोललं जातं.

आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. ‘आत्ताच पाहुण्यांना फिरवून आणली.’ दोरी ओढली, पहिल्या झटक्यात सुरू. गरम इंजिन सुरू होणारच, खरी परीक्षा थंड इंजिनची. खाडीत एक छोटी फेरी मारली, तीही अर्ध्या थ्रॉटलवर, कारण ‘ओहोटी आहे, खाली खडक आहे, प्रोपेलर आपटेल.’ मेहुण्याने कव्हर उघडायला सांगितलं तर क्लिप घट्ट बसलीय, पाना आणावा लागेल. बोट पाण्यात असल्यामुळे तळ बघता आला नाही. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे पटेलसं कारण होतं, आणि सगळी कारणं मिळून परिणाम एकच: जिथे बघायला हवं तिथे आमची नजर पोहोचलीच नाही. हा माणूस नवखा नव्हता.

टेम्पोत घालून कसारा घाटाने बोट वर आणली. पहिल्याच दिवशी जाणवलं की चार माणसं बसली तर ती पाण्यावर चढायला फार वेळ लावते. फोन केला तर उत्तर तयार, ‘साहेब, नाशिक उंचावर आहे ना, तिथे इंजिन कमीच ओढणार.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते पटतं. उंचीवर हवा विरळ असते आणि ताकद कमी होते, पण किती? दर 300 मीटरला साधारण 3 टक्के. आपल्याकडच्या 600 मीटरला सहा-सात टक्के धरा. आमची बोट निम्म्या दमाने चालल्यासारखी वाटायची.

मग एका रविवारी दुपारी मागून कडकड असा आवाज आला. इंजिन जिथे अडकवलेलं असतं त्या मागच्या उभ्या भिंतीला, ट्रान्समला, आडवी चीर गेली आणि इंजिन मागे कलंडायला लागलं. मेहुण्याने लगेच थ्रॉटल बंद केला, तर मागून आलेली आमचीच लाट आत शिरली. बोटीत माझी मुलगी आणि मेहुण्याची दोन मुलं. सगळ्यांच्या अंगावर जॅकेट होती, काठ दूर नव्हता, आणि केंद्राची दुसरी बोट पाचेक मिनिटांत आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पूर्ण वेगात असताना ती भिंत सुटली असती तर इंजिन पाण्यात आणि त्यामागून बोटीचा मागचा भागही पाण्याखाली, हे मला त्या रात्री झोप लागू देईना.

नाशकात मोटारसायकलचे मेकॅनिक गल्लोगल्ली, पण आउटबोर्ड उघडणारा माणूस शोधावा लागतो. शेवटी मुंबईत भाऊच्या धक्क्यावर आयुष्यभर हेच काम केलेल्या एका वयस्कर मेकॅनिकला गाडी पाठवून आणलं. मामांनी इंजिनला हात लावायच्या आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम ठोकायला सुरुवात केली. कडेला टणटण, आणि मध्ये इंजिनच्या खाली नुसता बद्द आवाज. ‘भाऊ, ड्रिल आहे का?’ 6 मिलिमीटरचं भोक पाडलं, तर ड्रिलच्या टोकाला लाकडाचा भुसा आलाच नाही. चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला लगदा बाहेर आला आणि भोकातून पाणी ठिबकायला लागलं. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, त्यावरच सगळा भार. ते केव्हाच कुजलं होतं. वरून पुट्टी भरून, पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, मारून, आतल्या बाजूने स्टीलची एक पट्टी बोल्टने कसली होती. ती पट्टी बघून आम्हाला वाटलं होतं की मालकाने बोट मजबूत करून घेतलीय.

नंतर त्यांनी इंजिन उतरवलं आणि मला जवळ बोलावलं. ब्रॅकेट जिथे टेकतो, म्हणजे रंगवणाऱ्याचा ब्रश जिथे पोहोचत नाही, तिथे फायबरवर पांढरे गोल ठसे होते, मटारच्या दाण्याएवढे, एकाला एक लागून. बोटाने खरवडले तरी निघेनात. ते बार्नॅकलचे ठसे. हा जीव समुद्रात आणि खाडीत वाढतो, पवनेच्या पाण्यात तो कुठून येणार? मामा एवढंच म्हणाले, ‘ही बोट वर्षानुवर्षं खाडीत उभी होती.’ इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं तर आत मिठाचा कठीण थर. गिअरचं तेल सोडलं तर ते दुधाळ, म्हणजे खालच्या सीलमधून पाणी आत गेलेलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं तर एका सिलिंडरचं दुसऱ्यापेक्षा बरंच खाली. चांगल्या इंजिनात हा फरक 10 टक्क्यांच्या आत असतो. आणि 40 चा आकडा होता तो फक्त वरच्या टोपणावर. टोपण दुसऱ्या इंजिनचं. आतलं इंजिन कमी ताकदीचं आणि कितीतरी जुनं. ब्रॅकेटवर सिरियल नंबरची पट्टी असते, तिथे रिव्हेटची दोन रिकामी भोकं आणि त्यावर काळा रंग.

कागदांची गोष्ट याहून वाईट. आमच्याकडे नोटरी केलेला करारनामा, त्यात इंजिन नंबर, आणि नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स. देशांतर्गत पाण्यात चालणाऱ्या इंजिनच्या बोटींसाठी 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा नवा आला. नोंदणी, तपासणी आणि विमा या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे आणि किनाऱ्यावर त्यांची बंदर कार्यालयं आहेत. मित्र तिथे जाऊन आला. झेरॉक्सवरचा क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच, आकाराने मोठ्या बोटीचा. नावावर करून देतो म्हणून विकणाऱ्याने आमच्याकडून 20 हजार वेगळे घेतले होते. विकणारा त्या बोटीचा मालकही नव्हता आणि ‘लोणावळ्याचे शेठ’ कुठल्याच कागदावर नव्हते. नोटरीचा शिक्का म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. समोर सही कुणी केली एवढंच तो सांगतो.

तुम्ही बोट बघायला जाणार असाल तर आधी न सांगता पोहोचा, किंवा वेळेच्या तासभर आधी तरी, आणि पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवा. गरम असेल तर थांबा, चहा घ्या, ते गार होऊ द्या. बोट पाण्याबाहेर काढायला लावा. इंजिन वर तिरपं करून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार द्या आणि ट्रान्समकडे बघा. ती हलली तर तिथूनच मागे फिरा. नंबरच्या पट्टीचा फोटो पैसे देण्याआधी मागवा, आणि करारातला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत उडाली पाहिजे. ती तुटक असेल तर आत वाटा बुजल्या आहेत. चाचणी पूर्ण थ्रॉटलवर आणि तुम्ही नेहमी बसवणार तेवढी माणसं बसवूनच घ्या.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली आणि ती कुणालाही करता येते. बोट नेणारा टेम्पो हायवेवरच्या कुठल्याही वजनकाट्यावर न्या, आधी रिकामा, मग बोट चढवून. डेकच्या खाली भरलेला फोम पाणी शोषून बसला असेल तर ते वजनात दिसतं. आमची बोट तिच्या आकाराच्या चांगल्या बोटीपेक्षा शंभर किलोंहून जास्त जड निघाली. शोषलेलं ते पाणी आम्ही पेट्रोल जाळून धरणभर फिरवत होतो. शिवाय बुडायच्या वेळी बोट तरंगती ठेवायचं काम त्या फोमचंच, आणि पाणी प्यायलेला फोम ते करू शकत नाही.

बोट चांगली निघाली तरी एक खर्च धरूनच चाला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं. टाकीत दोन-तीन महिने पडून राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो. वापर संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवायचं. मामांचा हा सल्ला आहे.

सध्या आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. आधी ‘हा दिवाणी व्यवहार आहे’ असं ऐकावं लागलं. मग वकिलाने तक्रार नव्याने लिहिली. ‘बोट खराब निघाली’ ऐवजी खोटा नोंदणी क्रमांक, काढलेली नंबरपट्टी, नाव बदलण्याच्या नावाखाली घेतलेले पैसे असं एकेक मांडलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लावण्याची मागणी केली, आणि अर्ज घेतला गेला. जुनी 420 जाऊन 1 जुलै 2024 पासून फसवणुकीला हेच कलम आहे. व्यवहार ऑनलाइन जाहिरातीवरून आणि पैसे मोबाइलवरून गेल्यामुळे सायबर पोर्टलवरही तक्रार टाकली. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. ट्रान्समचा तुकडा, भोकातला लगदा, बार्नॅकलचे ठसे, दुधाळ तेल या सगळ्याचे तारखेसकट फोटो आणि मामांचा सहीचा लेखी अभिप्राय आम्ही जोडला आहे. दुरुस्तीला हात लावण्याआधी हे करून ठेवा, नंतर पुरावा उरत नाही.

पैसे परत मिळतील की नाही, सांगता येत नाही. त्या माणसाचा आमच्यासाठीचा फोन बंद आहे, पण जाहिराती चालू आहेत. गेल्या आठवड्यात मेहुण्याला एक नवी दिसली: निळी बोट, 60 हॉर्सपॉवर, ‘गोड्या पाण्यातली, एकाच मालकाची’, आणि फोटोत ट्रान्सम ताजी पांढरी, आतून स्टीलची पट्टी. नाशिक, पुणे किंवा ठाण्याकडे कुणी अशा बोटीचा विसार देऊन बसलं असेल, तर उरलेली रक्कम अजिबात पाठवू नका. आधी ती पट्टी सोडवून दाखवायला सांगा आणि तिच्यामागे काय आहे ते बघा.