केळीच्या बागेसाठी नायट्रेट तपासणी पट्टी : वापरानंतरचा अभिप्राय

विहिरीच्या किंवा ट्यूबवेलच्या पाण्यातील नायट्रेट (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) जागेवरच मोजणाऱ्या पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातील आमच्या बागेत मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पावसाळा सरतानाची) अशा दोन्ही लागवडींमध्ये त्या वापरून पाहिल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. पट्टी घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगतो. खतांविषयीचे आपले सरकारी नियम दुकानाच्या दारापाशी थांबतात. तिथून पुढे, म्हणजे शेतात आणि शेताखालच्या पाण्यात नत्राचे काय होते, हे कळण्याचे सामान्य शेतकऱ्याच्या हातातले मला माहीत असलेले सर्वांत स्वस्त साधन ही पट्टी आहे.

वापर अगदी सोपा आहे. मोटार सुरू करून पाइपमधले साचलेले पाणी वाहू द्यायचे, स्वच्छ पेल्यात ताजे पाणी घ्यायचे, पट्टी क्षणभर बुडवून झटकायची आणि साधारण मिनिटभर थांबायचे. टोकाचा पांढरा चौकोन आधी फिकट गुलाबी आणि नायट्रेट जास्त असेल तर गडद जांभळट होतो. डबीवर छापलेल्या 0, 10, 25, 50, 100 (लिटरमागे मिलिग्रॅम) अशा रंगांच्या चौकटींशी तो सावलीत जुळवून पाहायचा. आमच्या पट्ट्यांवर शेजारी नायट्राइटचा दुसरा चौकोन आहे. तोही रंगला, तर मुख्य आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण नायट्राइटमुळे तो फुगतो. हतनूर धरणाच्या कालव्याचे पाणी तपासले तेव्हा चौकोन जवळजवळ पांढराच राहिला. आमच्या ट्यूबवेलच्या पाण्यात मात्र त्याचा रंग 50 च्या चौकटीला पोचून थोडा पुढे गेला.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते आणि त्यात सवलतीची वरची मर्यादा ठेवलेली नाही. बांधाला बांध असलेल्या काकूंनी रंग पाहून लगेच विचारले, "भाऊ, उकळून दिलं तर चालेल ना बाळाला?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून स्पष्ट लिहितो : उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाण्याची वाफ होते आणि मागे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. कँडलचा किंवा अतिनील किरणांचा फिल्टरही ते काढत नाही, आरओ काढतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ-नखे निळसर पडतात. त्या घरी आता बाळासाठी दुसरीकडून पाणी आणतात, आणि माझ्या लेखी पट्टीची किंमत तेवढ्यावरच वसूल झाली.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे, याविषयी शंका राहू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशातील सुमारे 20 टक्के नमुन्यांमध्ये नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले, आणि सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांच्या यादीत जळगावचे नाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गोटे-वाळूची जमीन आणि तापीकाठचा खोल गाळ यांत पाणी चांगले मुरते म्हणूनच इथे ट्यूबवेल चालतात. पण त्याच वाटेने मुळांना न लागलेला नत्रही खाली जातो. केळीची शिफारस झाडामागे 200 ग्रॅम नत्राची आहे. दीड बाय दीड मीटरवर एकरी सुमारे 1800 खोडे धरली, तर तो 360 किलो होतो, म्हणजे युरियाच्या 17 गोण्यांइतका. भरवशासाठी त्यावर आणखी दोन-चार गोण्या टाकण्याची सवय आपल्याकडे आहेच. वीज रात्रीची असली की झोपताना सुरू केलेले ठिबक सकाळपर्यंत चालते, आणि संध्याकाळी व्हेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून सोडणाऱ्या नळीतून) दिलेले खत मुळांच्या खाली ढकलले जाते.

पट्टीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. 25 आणि 50 यांच्यामधला रंग डोळ्यांनी नेमका ओळखता येत नाही, आणि मानकाची 45 ची रेषा नेमकी तिथेच आहे. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा. नायट्रेट खतातून आले, गोठ्याजवळच्या उकिरड्यातून आले की शौचालयाच्या शोषखड्ड्यातून, हे पट्टी सांगत नाही. उष्णता आणि दमट हवा तिला सोसत नाही, आणि मे महिन्यातील आमच्याकडचे ऊन पाहता डबी गाडीत किंवा मोटारीच्या खोलीत ठेवू नये. आमची एक डबी अशीच वाया गेली. काही कंपन्यांच्या पट्ट्या नायट्रेट दाखवतात आणि काही त्यातला केवळ नत्र. दुसऱ्या प्रकारातला 10 म्हणजे पहिल्या प्रकारातला साधारण 45, म्हणून डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये.

पिण्यापलीकडचा उपयोग मला जास्त मोलाचा वाटला. पट्टीवर 50 चा रंग आला, तर त्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम नत्र आहे. एकराला वर्षभरात 40 लाख लिटर पाणी दिले असे धरले (केळीला प्रत्यक्षात त्याहून जास्तच जाते), तरी त्यातून सुमारे 45 किलो नत्र बागेत पडतो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतो, म्हणजे दोन गोण्यांहून थोडे अधिक खत आपण ट्यूबवेलमधूनच देत असतो आणि तेवढेच पुन्हा दुकानातून आणतो. आम्ही हा हिशेब धरून युरिया कमी केला. पानांचा हिरवेपणा आणि निसवण (घड बाहेर पडणे) यांत काही उणे दिसले नाही. शिवाय मातीतले पाणी ओढून घेणाऱ्या, सच्छिद्र सिरॅमिक टोकाच्या दोन नळ्या, एक एक फूट आणि दुसरी दोन फूट खोल, बागेत बसवून त्यांतले पाणीही पट्टीने तपासतो. केळीची बहुतेक मुळे वरच्या थरात असतात, त्यामुळे खालच्या नळीतल्या पाण्याने पट्टी गडद झाली की ठिबकची वेळ कमी करतो आणि खताचे हप्ते आणखी लहान करतो.

युरियावर नियम नाहीत असे नाही. 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक झाला. युरियापासून जमिनीत बनणाऱ्या अमोनियमचे नायट्रेट होण्याची गती त्याने मंदावते आणि हे पाऊल योग्यच होते. 2018 पासून गोणी 50 ऐवजी 45 किलोची झाली, आणि कृषी सेवा केंद्रात पॉस मशीनवर (विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर) ओळख पटवल्यावरच ती मिळते. परंतु गोणीची किंमत 266 रुपये 50 पैशांवर ठेवली असल्याने हात आखडण्याचे कारण उरत नाही, आणि गोणी कोणत्या पिकाला, किती क्षेत्राला गेली हे कोणी विचारत नाही. 2015 मध्येच आलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत मातीचे 12 घटक असतात, विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट त्यांत नाही. 1974 चा जलप्रदूषण कायदा प्रत्यक्षात कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यापुरता राबवला जातो.

युरोपात 1991 च्या नायट्रेट निर्देशाने धोक्यातील क्षेत्रे ठरवून तिथे शेणखतातील नत्राला हेक्टरी 170 किलोची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनारपट्टीवर, सॅलिनास खोऱ्यासारख्या भाजीपाल्याच्या भागात, 2021 च्या आदेशाप्रमाणे बागायतदाराने खतातून आणि ओलिताच्या पाण्यातून किती नत्र घातला आणि पिकासोबत किती बाहेर गेला, याचा हिशेब पाणी मंडळाला द्यायचा असतो. एवढी कागदपत्रे दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यावर लादावीत असे मी म्हणणार नाही. पण ओलिताच्या प्रत्येक विहिरीची वर्षातून एकदा सरकारी खर्चाने नायट्रेट तपासणी व्हावी, आकडा मृद आरोग्य पत्रिकेवर छापला जावा आणि खताची शिफारस तेवढा नत्र वजा करूनच दिली जावी, हा नियम जळगाव जिल्ह्यात लगेच करण्यासारखा आहे. पॉस मशीन दुकानात आहेच. शिफारशीच्या दीडपट गोण्या उचलणाऱ्याला सहायक कृषी अधिकाऱ्याने बांधावर येऊन समजावले, तरी पुष्कळ फरक पडेल.

डबीत बहुधा 100 पट्ट्या येतात आणि एका पट्टीचा खर्च युरियाच्या गोणीच्या किमतीच्या बराच आत बसतो. एका घराला मुदतीत एवढ्या संपत नाहीत, त्यामुळे तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक डबी घ्यावी, मुदतीची तारीख पाहून घ्यावी आणि एक तपासणी पावसाळ्याआधी व दुसरी पाऊस ओसरल्यावर करावी. पिण्याच्या ज्या पाण्याचा रंग 25 च्या पुढे जाईल, त्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून, थंड ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावा.