रतनगड–हरिश्चंद्रगड आणि राजगड–तोरणा–रायगड: ट्रेकिंगचे बूट नऊ महिने वापरल्यावर

ऑगस्टमध्ये घेतलेले बूट एप्रिल संपताना दाराबाहेर वाळत पडलेत. डाव्या बुटाला सोलच्या कडेने जाड पांढऱ्या दोऱ्याची शिलाई आहे आणि उजव्याच्या टाचेखालची नक्षी गुळगुळीत झालीये. किंमत 4,200 रुपये. घोटा झाकणारे, आत वॉटरप्रूफ थर, वरून जाळीचं कापड. घेतल्याच्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, पण तेव्हा ते फक्त सिंहगड चढले होते आणि सिंहगडाला माणसं ऑफिसच्या बुटातही येतात. त्यानंतर पाठीवर बारा किलोची सॅक घेऊन चार मोठ्या चाली झाल्या.

पहिली सप्टेंबरच्या शेवटी. रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड, तीन दिवस. अमृतेश्वराच्या देवळापासून निघालं की जंगलातली वाट प्रवरेचा ओढा दोनचारदा ओलांडते. पहिल्याच ठिकाणी पाणी घोट्याच्या वर होतं, ते बुटाच्या तोंडातून सरळ आत आलं. वॉटरप्रूफ बुटाची गंमत तिथे कळली: बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही हे खरं, पण एकदा आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. पाय तांब्यात घातल्यासारखा. दर ओढ्यानंतर दगडावर बसून बूट उपडे करायचे, मोजे पिळायचे, पुन्हा तेच घालायचे. कुमशेतला पोचलो तेव्हा तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि करंगळीखाली फोड आला होता. रात्री मुक्कामाच्या घरातून जुने पेपर मागून बुटात कोंबले. सकाळपर्यंत पेपरांचा लगदा झाला, बूट ओलेच.

पकडीबद्दल मात्र तक्रार नाही. ओला पण खरबरीत कातळ या सोलने छान धरला. शेवाळाचा कातळ धरला नाही, आणि तो कुठलाच सोल धरत नाही, दुकानदार काहीही सांगो. काळा, चकाकणारा दगड दिसला की पाय शेजारच्या मातीत किंवा गवताच्या बुंध्यावर टाकायचा. कात्राबाईच्या जंगलात दोन तास हेच केलं. त्या दिवसांत आणखी एक त्रास असतो. मळलेल्या वाटेवरही चार महिन्यांचं रान माजलेलं असतं, आणि ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. आम्ही दोनदा त्यांच्यामागे जाऊन परत आलो.

पावसाळा संपला की वाट सोपी होते असं मलाही वाटायचं. नोव्हेंबरमध्ये राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याकडे निघालो, तेव्हा बुटाची सगळ्यांत वाईट कामगिरी पाहिली. धारेवर कमरेएवढं वाळकं गवत, आणि आडव्या वाटेवर ते उताराच्या दिशेने झोपलेलं. पाय ठेवला की गवतासकट खाली. खोल खाचांचा सोल चिखलात कामाचा, पण इथे त्याच खाचांत गवताच्या काड्या गच्च भरून तळवा पाटासारखा सपाट होतो. दर दहा मिनिटांनी काटकीने त्या उकरून काढायच्या.

शिवाय कुसळं. ती जाळीच्या कापडातून आत शिरतात, मोज्यात रुततात आणि पावलागणिक टोचतात. खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून पलीकडे सावलीत बसलो आणि एकेक कुसळ उपटायला घेतलं. पाऊण तास गेला. घरी आल्यावर बुटाची जीभ उलटी केली तर शिवणीत आणखी मूठभर निघाली. जाळी अंगठ्याजवळ तिथेच उसवायला लागली. सह्याद्रीसाठी जाळीचा बूट घेऊ नका, कितीही हवा खेळती राहात असली तरी. पायाला पिंढरीपर्यंतचं कापडी गेटर असेल तर निम्मा त्रास वाचतो. मी ते डिसेंबरात घेतलं, म्हणजे गवताचा मोसम उतरत आल्यावर.

फेब्रुवारीत राजगड–तोरणा–रायगड, चार दिवस. तोरण्याच्या चढापर्यंत बूट उत्तम. कोरड्या कातळावर आणि रडतोंडी बुरुजाजवळच्या अवघड टप्प्यात पाय ठेवला तिथे ठेवला. तिसऱ्या दिवशी सिंगापूर नाळेने कोकणात उतरताना खरी परीक्षा झाली. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली घळ. वरून सुटलेले दगड पावसात आणखी खाली सरकतात, त्यामुळे गेल्या खेपेला भक्कम वाटलेला धोंडा यंदा डगमगतो. त्यांच्यामधून मुरमाचा घसारा. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून उतरायचं. पाय सपाट टाकला की मुरूम बेअरिंगच्या छऱ्यांसारखा फिरतो. दोन तासांत टाचेच्या खाचा झिजल्या. अंगठे बुटाच्या टोकावर आपटून दोन्ही नखं काळी झाली. म्हणून बूट घेताना जाड मोजे घालून जा, आणि लेस सोडून पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट जाईल असाच माप घ्या. मी नेमका बसणारा घेतला होता, कारण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर तोच बरा वाटला.

नाळेच्या तोंडाशी डाव्या बुटाचं नाक उघडलं. नुसत्या चिकटवलेल्या सोलने पुढून दोन इंच तोंड वासलं. तंबूच्या नायलॉन दोरीने करकचून बांधून उरलेली चाल केली. दोरी तळव्याखाली येते, दर तासाला तुटते. खालच्या गावात एक मामा आमच्याकडे बघत उभे होते, पायात झिजलेली रबरी चप्पल. म्हणाले, "एवढं महागाचं बूट, आन् ते बी बांधून चालावं लागतंय व्हय?" यावर काय बोलणार? पाणी मागितलं. त्यांनी ताक दिलं.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की ही वापराने झालेली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. ट्रेकिंगच्या बुटाची वॉरंटी ट्रेकिंगला लागू नसेल तर कशाला आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या मोच्याकडे गेलो. त्याने दोन्ही सोल कडेने शिवून दिले, 250 रुपये. शिलाईच्या भोकांतून आता पाणी येतं, पण ते तसंही वरून येतच होतं. नवा जोड घेणार असाल तर पहिल्या ट्रेकच्या आधीच ही शिलाई घालून घ्या.

एप्रिलमध्ये पुन्हा रतनगड ते हरिश्चंद्रगड केला, मुद्दाम तीच वाट. ओढे कोरडे, त्यांतले दगड तापलेले, कारवीच्या रानात वाळलेल्या पानांच्या थराखाली सुटे धोंडे लपलेले. शिवलेला सोल टिकला, टाच मात्र उतारावर धरत नव्हती. पाचनईच्या वाटेने उतरताना दोनदा बसलो.

आता पाचपैकी तीन देईन. कोरड्या कातळाला पाच, घसाऱ्याला तीन, वाळक्या गवताला एक, आणि वॉटरप्रूफ म्हणून जे जास्तीचे हजारभर रुपये मोजले त्यांना शून्य. जूनपासून ओढ्यांच्या वाटांवर साधे खाचांचे रबरी बूट घालून बघणार आहे, पाणी आलं तर निदान ओतून देता येतं आणि वाळवायला कापड नाही. हा जोड नोव्हेंबरच्या गवतात मात्र परत नेणार नाही.