पुन्हा पुन्हा वाचावं की चिठ्ठ्या कराव्यात?

दहावीतल्या भाचीने विचारलं, "मामा, विज्ञानाचा धडा चार वेळा वाचू की चिठ्ठ्या करू?" चिठ्ठ्या म्हणजे समोर प्रश्न आणि मागे उत्तर लिहिलेले कागदाचे तुकडे.

वेळेचं म्हणाल, तर वाचन सोपं. पुस्तक उघडलं की झालं. चिठ्ठ्यांना एका धड्यामागे तासभर सहज जातो.

कष्टही चिठ्ठ्यांनाच जास्त. समोर "गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी कोणत्या अवस्थेत येतात?", मागे "मध्यावस्था". चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर आठवायचं, आणि ते आठवत नाही तेव्हा जीव कासावीस होतो. पण पाठ होतं ते त्या धडपडीतच. वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपल्याला येतंय असा भास होतो. माझ्या मते वाचनातला खरा धोका हाच.

टिकाऊपणात तर चिठ्ठ्याच सरस. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग पाहा. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते (81 विरुद्ध 75 टक्के). आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना 42.

चिठ्ठ्या रोज सगळ्या काढू नयेत. चुकलेल्या उद्या, बरोबर आलेल्या तीन-चार दिवसांनी.

तासाभरात तोंडी परीक्षा असेल, तर वाचून जा. धडा पहिल्यांदाच हाती घेतला असेल, तरीही आधी वाचनच. न समजलेल्याच्या चिठ्ठ्या करून उपयोग नाही. कविता मोठ्याने म्हणूनच बसते. सनावळ्या, व्याख्या, सूत्रं मार्चपर्यंत टिकवायची असतील, तर आजच कात्री-कागद घे.