३६० मिमीचा लिक्विड कूलर, दीर्घ वापरानंतर: द्रवाचे तापमान दिसलेच पाहिजे

संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाने तीन पंख्यांच्या ३६० मिमी रेडिएटरपर्यंत नेऊन हवेत सोडणारा हा कूलर बसवला तेव्हा त्याच्या कामगिरीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती आणि सुरुवातीच्या काळाबद्दल ती आजही नाही. तासन्‌तास चालणाऱ्या व्हिडिओ रेंडरमध्ये (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करताना) २०० वॉटच्या आसपास वीज घेणारा प्रोसेसर त्याने मर्यादेच्या बराच खाली ठेवला होता. पुढे मात्र त्याच कामाला जास्त वेळ लागू लागला आणि नोंदी तपासल्यावर दिसले की प्रोसेसर १०० अंशांना टेकून आपला वेग स्वतःच कमी करत होता. पंपाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) पूर्वीइतकेच, पंखे पूर्ण वेगात, गळतीचा थेंबही नाही. पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा कूलर ठणठणीत असल्याचे सांगत होता.

सर्व्हिस सेंटरचे म्हणणे एकच होते: पंप फिरतो आहे, म्हणजे कूलर चांगला आहे, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णतावाहक लेप) बदला. पेस्ट बदलली, फरक पडला नाही. मग त्यांनी प्रोसेसरवर संशय घेतला. हा वाद आठवडेच्या आठवडे चालला आणि अखेर मिटला तो अगदी साध्या परीक्षेने. रेंडर चालू असताना दोन्ही नळ्या पंपाजवळ हाताने चाचपल्या, तर एक चटका बसावा इतकी गरम होती आणि दुसरी खोलीइतकी थंड. प्रोसेसर शंभरीला टेकलेला असताना रेडिएटरमधून बाहेर पडणारी हवाही थंडच होती.

असे होणे निरोगी कूलरमध्ये शक्यच नाही. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल आणि प्रोसेसर २०० वॉट देत असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या द्रवात जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो. पाण्यात ग्लायकॉल हे रसायन मिसळलेले असेल तर थोडा अधिक, पण हाताला दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच लागायला हव्यात. त्यांच्यात मोठा फरक जाणवतो, याचा अर्थ पंपाचे चाक फिरत असले तरी द्रव पुढे सरकत नाही. हा हिशेब आणि दोन्ही नळ्यांची मोजलेली तापमाने पाठवल्यावर कूलर बदलून मिळाला.

तो अडला कुठे, हे मी उघडून पाहिलेले नाही, कारण सील तोडले की वॉरंटी संपते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला, म्हणजे पंपाच्या वर असल्याने हवेचा बुडबुडा पंपात अडकण्याची शक्यता कमी होती. उरतो तो प्रोसेसरला टेकलेल्या कोल्ड प्लेटमधला गाळ. तांब्याच्या त्या पट्टीवर कोरलेल्या बारीक खाचा हे या यंत्राचे बळ आहे आणि दुबळेपणही तेच आहे. १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीस यांनी सिलिकॉनमध्ये सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरून, त्यांतून पाणी खेळवून, दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट इतकी उष्णता काढून दाखवली होती. खाच जितकी अरुंद, तितकी उष्णता पाण्यात लवकर उतरते. पण तितकाच प्रवाहाला विरोध वाढतो आणि गाळ अडकायलाही सोपे जाते. त्यात बहुतेक तयार कूलरमध्ये प्लेट तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. एकाच द्रवात हे दोन धातू असले की ॲल्युमिनियम गंजते आणि ते रोखण्याचे काम द्रवात मिसळलेली गंजरोधक रसायने करतात. त्यांचा जोर कमी झाला की गंजाचे कण फिरत फिरत नेमके त्या खाचांत जाऊन बसतात. शिवाय रबरी नळ्यांतून पाण्याची वाफ वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात बाहेर झिरपत राहते. द्रव पुन्हा भरण्यासाठी साधे झाकणही नसल्यामुळे तीन चांगले पंखे आणि धडधाकट रेडिएटर, बोटभर जागेतल्या गाळापायी भंगारात जातात. ही उधळपट्टी मला पटत नाही.

बदली मिळालेल्या मॉडेलमध्ये द्रवाचे तापमान मोजणारा सेन्सर आहे, आणि या एका सुधारणेपुढे पंख्यांचे दिवे, पंपावरचा पडदा, सॉफ्टवेअरमधली सजावट हे सगळे मला गौण वाटते. काम सुरू होताच प्रोसेसरचे तापमान क्षणात वीस-तीस अंशांनी उसळते, द्रवाला मात्र तापायला काही मिनिटे लागतात. पंख्यांचा वेग प्रोसेसरऐवजी द्रवाच्या तापमानाशी जोडल्यावर त्यांचे सततचे चढ-उतार थांबले आणि प्रोसेसर पूर्वीइतकाच थंड राहिला.

पंपाच्या वेगाबद्दलचे माझे मतही या काळात बदलले. तो कायम पूर्ण वेगात असावा, असे मी मानत होतो. नव्या कूलरवर तो ७० टक्क्यांवर आणून पाहिला, तर प्रोसेसर एक-दोन अंशच चढला. द्रव मुळात तीनच अंश तापत असेल तर प्रवाह वाढवून मिळण्यासारखे फारसे उरत नाही, आणि पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ७० टक्के वेगाला ती जवळपास एक तृतीयांशावर येते. आवाज तर लक्षणीय कमी झाला.

आता रेंडर अर्धा तास चालल्यावर मी तीन आकडे टिपून ठेवतो: खोलीचे, द्रवाचे आणि प्रोसेसरचे तापमान. तेवढ्याच वॉटला द्रव आणि खोली यांतले अंतर वाढू लागले तर रेडिएटरमध्ये धूळ साचली आहे किंवा एखादा पंखा मंदावला आहे. प्रोसेसर आणि द्रव यांतले अंतर वाढू लागले तर पेस्ट सुकली आहे किंवा खाचा तुंबू लागल्या आहेत. पेस्ट बदलूनही ते कमी झाले नाही, तर वॉरंटी शिल्लक असतानाच नोंदींसह तक्रार करावी. सेन्सर नसलेला कूलर आधीच घेतला असेल, तर रेडिएटरच्या धातूला चिकटवायचा साधा तापमापकही दर वेळी एकाच जागी लावल्यास तुलनेपुरता चालतो. नवा घेताना मात्र द्रवाचे तापमान न दाखवणारे मॉडेल, ते कितीही स्वस्त असले तरी, मी विचारात घेणार नाही.