हील-टो शिकायचंय : पेडलचा पूरा सेट, एक पट्टी, की आहे तेच पेडल?

माझ्या आतेभावाच्या मुलानं दोन महिन्यांपूर्वी पहिली गाडी घेतली. पाच गिअरची, पेट्रोलवरची, केए-२२ पासिंगची जुनी हॅचबॅक. आठ दिवसांत मला दोन फोटो आले, दोन्ही चकचकीत ॲल्युमिनियमच्या पेडल सेटचे. खाली लिहिलेलं : ‘काका, यातला कुठला घेऊ? हील-टो शिकायचंय.’ मी त्याला कळवलं, दोन्ही सध्या राहू देत, रविवारी गाडी घेऊन ये, येताना एक स्टीलची पट्टी आण. त्या रविवारी त्याला जे दाखवलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत हाच प्रश्न मला बऱ्याच पोरांनी विचारलाय.

हील-टो म्हणजे गिअर खाली टाकताना एकाच उजव्या पायानं ब्रेक दाबून ठेवत ॲक्सिलरेटरही दाबणं. हे करायचं कशासाठी ते आधी बघू. समजा तुमच्या गाडीत तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.३ आहे आणि दुसऱ्याचं १.९. तिसऱ्यात ३००० आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालला आहात आणि वळणाआधी दुसरा टाकायचा आहे. चाकांचा वेग तोच राहिला तर दुसऱ्यात इंजिनाला साधारण ४४०० फेरे घ्यावे लागतात. क्लच दाबल्यावर इंजिन मात्र उलट खाली यायला लागतं. तसाच क्लच सोडला तर ही सगळी तफावत क्लचच्या प्लेटीनं आणि पुढच्या टायरनं भरून काढायची. गाडी नाक खाली घालते, धक्का बसतो आणि ओल्या वळणावर टायरची पकड क्षणभर सुटू शकते. म्हणून क्लच दाबलेला असतानाच इंजिनाला थोडी रेस द्यायची, फेरे जुळवायचे आणि मग क्लच सोडायचा. हे सगळं ब्रेक दाबलेला असताना करायचं असतं, त्यामुळं उजव्या पायाकडं दोन कामं येतात. चवडा ब्रेकवर ठेवायचा आणि त्याच पायाच्या बाहेरच्या कडेनं ॲक्सिलरेटरला स्पर्श करायचा. नावात टाच असली तरी लटकत्या पेडलच्या आपल्या बहुतेक गाड्यांत टाच वापरावी लागत नाही, पाऊल नुसतं कलतं करायचं.

आपल्या भागाला यातलं अर्धं काम नवीन नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त लॉरी ड्रायव्हर आहेत, आंबोली घाटात आयुष्य गेलेलं. जुन्या लॉरींच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणाऱ्या कड्या, नसायचे. डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, मधे रेस दिली नाही तर गिअर पडायचाच नाही, नुसता करकरायचा. मी शिकत असताना ते शेजारच्या सीटवर बसले होते आणि मी सारखा फेरे दाखवणारा टॅकोमीटर बघत होतो. ते म्हणाले, ‘काट्याकडं कशाला बघालायस? कानानं ऐक की.’ आजच्या गाड्यांत सिंक्रो असल्यामुळं डबल क्लचची गरज उरली नाही, पण कानानं ऐकणं तेवढंच महत्त्वाचं आहे.

आता पेडलकडं येऊ. दुकानात जायच्या आधी घरी दहा मिनिटांचं एक माप घ्या. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन सुरू. इंजिन सुरू ठेवायचंच, कारण बंद इंजिनात दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि माप चुकतं. मग जोरात थांबताना दाबाल तेवढा ब्रेक एकानं दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं पट्टी लावून दोन मापं घ्यायची. ब्रेकच्या उजव्या कडेपासून ॲक्सिलरेटरच्या डाव्या कडेपर्यंत आडवं अंतर किती, हे पहिलं. दाबलेल्या ब्रेकच्या पातळीपेक्षा ॲक्सिलरेटर किती खाली आहे, हे दुसरं. न दाबलेल्या ब्रेकशी तुलना करून उपयोग नाही. रस्त्यावर रेस द्याल तेव्हा ब्रेक दाबलेलाच असणार.

दाबलेल्या ब्रेकला ॲक्सिलरेटर जवळजवळ समपातळीत किंवा एक-दीड सेंटिमीटर खाली असेल आणि आडवं अंतर तुमच्या पावलाच्या रुंदीत बसत असेल तर काहीही विकत घ्यायची गरज नाही. पुतण्याच्या गाडीत आडवं अंतर ठीक होतं, पण ॲक्सिलरेटर चांगला तीन सेंटिमीटर खाली होता. घाबरून ब्रेक मारताना दोन्ही पेडलं एकदम दाबली जाऊ नयेत म्हणून कंपन्या मुद्दाम हे अंतर ठेवतात. आपण ते कमी करतो तेव्हा सुरक्षेतला थोडा भाग काढून घेत असतो, हे डोक्यात ठेवूनच पुढं जायचं.

त्यानं पाठवलेल्या फोटोंचं उत्तर इथंच मिळालं. पूर्ण सेट लावला की ब्रेकवरही तेवढीच जाडी चढते आणि ॲक्सिलरेटरवरही. दोन्ही सारखेच वर आले, मग मधला फरक होता तेवढाच राहिला. पैसे गेले, दिसायला छान झालं, आणि हील-टोसाठी पाय तितकाच अवघडलेला. काही सेटांत ब्रेकचा पॅड जास्त जाड असतो, तिथं तर परिस्थिती आधीपेक्षा बिघडते.

सेटमध्ये दोन जाती आहेत. पहिली, क्लिपची किंवा नुसती वरून बसवायची. भोकं पाडायला लागत नाहीत, पंधरा मिनिटांत लागते, म्हणून हीच जास्त खपते. हिच्याबद्दल माझं मत पक्कं आहे, ते सांगण्याआधी काय घडलं ते सांगतो. शहरातल्या एका दुकानातून मी असा सेट घेतला होता. जुलैच्या पावसात चोर्ला घाटामार्गे गोव्याला निघालो होतो. जांबोटी सोडली, धुकं दाटलं, पुढं कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी बस होती. बस थांबली म्हणून मी ब्रेक दाबला तर गाडी थांबायच्या ऐवजी इंजिन ओरडलं. बुटाच्या ओल्या तळव्यानं ब्रेकवरचं कव्हर फिरवलं होतं. त्याचा उजवा कोपरा ॲक्सिलरेटरवर टेकला होता, त्यामुळं ब्रेकबरोबर रेसही जात होती. क्लच दाबला, बसच्या हातभर मागं गाडी उभी राहिली. कणकुंबीला चहाच्या टपरीसमोर थांबून स्क्रूड्रायव्हरनं तिन्ही कव्हरं काढली. मागच्या बाजूची क्लिप वाकलेली होती आणि आतल्या रबराचा तुकडा कधीच गळून पडला होता. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी क्लिपचं कव्हर ब्रेकवर लावू नका असंच सांगतो. किंमत कितीही कमी असो.

दुसरी जात बोल्ट करून बसवायची. स्पार्को, ओएमपी, मोमो ही नावं तुम्ही ऐकली असतील. या नावांचा नकली मालही बाजारात मुबलक आहे, त्यामुळं पाकिटावरच्या नावापेक्षा वस्तूच तपासा. प्लेट हातानं पिळून बघा, कडा बोटाला कापतात का बघा, आणि मुख्य म्हणजे वर रबराच्या गुंड्या किंवा खोल खाचा आहेत का ते बघा. नुसतं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम पावसाळ्यात तांबड्या चिखलाच्या बुटाखाली साबणासारखं होतं, आणि आपल्याकडं पावसाळा चार महिने असतो. अस्सल बोल्टचा सेट नीट बसवला तर तो हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की पेडलला भोकं पाडावी लागतात. नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटर प्लॅस्टिकचा असतो आणि सेन्सर त्याच्याच जोडणीत असतो. तो तडकला तर सगळी जोडणीच बदलावी लागते.

मी जे निवडलं आणि पुतण्यालाही सुचवलं ते वेगळं आहे. ब्रेक आणि क्लचवर कंपनीचं रबर तसंच ठेवायचं, बदल फक्त ॲक्सिलरेटरवर. बेळगावच्या उद्यमबागेत लहान मशिन शॉपची कमी नाही. तिथं पाच मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्लेटीतून पेडलच्या आकाराची एक पट्टी कापून घेतली. डावी कड वरपासून खालपर्यंत ब्रेकच्या बाजूला दीड सेंटिमीटर वाढवलेली. पट्टी आणि पेडल यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचाच एक ठोकळा, जेणेकरून उंची वाढेल. पट्टीवर चौकटीची खाच मारून घेतली, कडा फाईलनं गोल केल्या, बोल्टची डोकी आत बसतील अशी भोकं काउंटरसिंक केली आणि मागून सहज सैल न होणारे नायलॉक नट लावले. माझ्या पेडलला लोखंडी पाय होता म्हणून हे जमलं. पुतण्याच्या गाडीतही तसाच होता. तुमचा प्लॅस्टिकचा असेल तर हा मार्ग सोडून द्या आणि बुटावर, बैठकीवर काम करा.

ठोकळा ठरवताना मी आधी लाकडाचे तुकडे दोऱ्यानं बांधून बघितले, उभ्या गाडीत. दीड सेंटिमीटर चढवल्यावर पाय सहज पोचला. दोन केल्यावर जोरात ब्रेक दाबताना बुटाची कड आपोआप ॲक्सिलरेटरला लागायला लागली. ते धोक्याचं. म्हणून दीडवर थांबलो. पट्टी लागल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडा, कार्पेटला किंवा मॅटला कुठं अडकतो का बघा. हे क्षुल्लक नाही. २००९-१० मध्ये टोयोटानं जगभरातून लाखो गाड्या परत मागवल्या, त्याच्या कारणांपैकी एक फ्लोअर मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकणं हे होतं. मॅटवर मॅट टाकायची सवय असेल तर आजच वरची काढून टाका. आणि ब्रेकची उंची कमी करण्यासाठी पुशरॉड (पेडलमागचा दांडा) फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, गेला तर ब्रेक चिकटून तापतात, ब्रेक लाईटचा स्विचही बिघडतो.

खर्चाच्या आधी अजून एक तपासणी आहे आणि ती कित्येकांच्या लक्षात येत नाही. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरला केबलऐवजी सेन्सर असलेल्या, अनेक गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर कंप्युटर रेस कापतो. न्यूट्रलमध्ये बघून खात्री होत नाही, कारण काही गाड्यांत हे चालत्या वेगातच लागू होतं. मोकळ्या जागी तीसच्या वेगात ब्रेक हलका दाबून रेस द्या. इंजिननं दाद दिली नाही तर तुमच्या गाडीत हील-टो होणार नाही, कुठलंही पेडल लावा. डिझेलवाल्यांना दाद मिळते पण सुस्त असते, झटक्याऐवजी पाय किंचित जास्त वेळ धरावा लागतो. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आपोआप गिअर बदलणारी गाडी, असेल तर फेरे जुळवायचं काम कंप्युटरकडंच आहे.

बुटांचं म्हणाल तर जाड तळव्याचे धावायचे बूट सगळ्यात वाईट, पायाला पेडल कळतच नाही. पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट स्वस्त आणि उत्तम. आपल्या अथणीत बनणाऱ्या कोल्हापुरीचा तळवा छान पातळ असतो, पण मागं टाचेला पट्टा नाही. पाऊल कलतं करताना चप्पल निसटून पेडलखाली जाऊ शकते. ती मागच्या सीटखाली काढून ठेवा.

सराव कुठं करायचा यावर मी जरा कडक आहे. चोर्ला, आंबोली, तिलारी ही शिकायची ठिकाणं नव्हेत. वळणापलीकडं ट्रक आहे की गवा, हे दिसत नाही. हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ताभर असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाही आहे. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथं जरूर जा, ब्रेक कुठं दाबायचा आणि वळण कसं घ्यायचं हे तिथं उत्तम कळतं. मात्र भाड्याच्या कार्टला क्लच नसतो आणि ब्रेक डाव्या पायानं दाबायचा असतो, त्यामुळं हील-टो तिथं मिळणार नाही. ते पुढं कधी कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर स्वतःची गाडी नेता येईल तेव्हा खरं कामी येईल. तोवर मालकाला विचारून, सकाळी लवकर, घरं न झालेला एखादा लेआऊट बरा.

पहिले दोन दिवस गाडी हलवूच नका. न्यूट्रलमध्ये ब्रेक दाबून धरा आणि पाऊल कलतं करून फेरे १००० नं वर न्या. मदतनीसाला मागं उभं करून ब्रेक लाईट बघायला लावायचं नाही, ती तर पेटलेलीच राहते. बघायचं ते ब्रेक पेडलकडं. रेस देताना ते खाली गेलं किंवा वर आलं तर अजून जमलेलं नाही. मग ब्रेकविना, चाळीसच्या वेगात, तिसऱ्यातून दुसऱ्यावर नुसती रेस जुळवा. क्लच सोडताना धक्का जाणवला नाही की झालं. त्यानंतरच दोन्ही एकत्र, आणि तेही साठवरून चाळीसवर येताना चौथ्यातून तिसऱ्यावर. तिथं फेऱ्यांमधला फरक कमी असतो, चूक झाली तरी गाडी माफ करते.

पुतण्याला मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली शेजारच्या सीटच्या पायाशी उभी करून ठेवायला लावली. पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक गिअरला आडवी व्हायची. कारण प्रत्येक वेळी एकच : रेस देताना चवडा ब्रेकवरून उचलला जायचा आणि मग घाईनं परत दाबला जायचा. पाऊल ब्रेकच्या मधोमध ठेवण्याऐवजी उजव्या कडेकडं सरकवून, चवड्याचा अंगठ्याकडचा भागच फक्त ब्रेकवर ठेवायला सांगितलं, तेव्हा फरक पडला. तिसऱ्या रविवारी बाटली हलली, पण उभी राहिली. त्याच दिवशी बोल्ट परत आवळले. वरचा एक पाव फेरा सैल झाला होता.