आईबाबांसाठी काय बरं, घरचा छंद की ग्रुप?

रिटायर झालेल्या माणसाला "घरात बसून काय करता, एखादा ग्रुप जॉईन करा ना" असं आपण सगळेच सांगतो, मी पण सांगितलं, मावशीला आणि बाबांना दोघांनाही. मावशीला ते इतकं मानवलं की विचारू नका आणि बाबांच्या बाबतीत साफ फसलं. तुम्ही पण घरातल्या कोणासाठी हेच ठरवत असाल म्हणून सविस्तर लिहितेय.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मधे एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते, एक जिवाभावाचं माणूस नसण्याचा आणि दुसरा गोतावळा नसण्याचा, आणि त्याच्या मते एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. हे मला आधी माहीत असतं तर बाबांना उगाच त्रास दिला नसता.

मावशीचं काय झालं तर नोकरी सुटली आणि रोज भेटणारी माणसंच संपली. तिला सकाळी चालायला जाणारा ग्रुप मिळाला, तिथे हजेरीची वही पण तीच ठेवते. दोन दिवस गेली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन येतो. ग्रुपचा खरा फायदा मला हाच वाटतो, आपण नसलो तर कोणाच्या तरी लक्षात येतं, आणि चालणं होतं ते वेगळंच.

बाबांचं वेगळं होतं. आई गेल्यावर आम्ही त्यांना गाण्याच्या ग्रुपला पाठवलं, लोक चांगले होते हो, पण तिथल्या तीस जणांत "काल रात्रभर झोप नाही लागली" असं ज्याला सांगावं असा एकही नव्हता. त्यात त्यांना कमी ऐकू येतं, त्या गलक्यात नुसती मान हलवत बसायचे आणि घरी येऊन आणखी गप्प. (कान आधी तपासून घ्या, प्लीज. आम्ही फार उशिरा तपासले.)

शेवटी जमलं ते बुद्धिबळ, तेही फोनवर, एका जुन्या मित्राबरोबर. दोघांच्या घरी एकेक पट मांडलेला असतो, चार वाजता फोन येतो, एकाने चाल सांगायची आणि दुसऱ्याने आपल्याकडे सोंगटी हलवायची. बाबांचं एक प्यादं हरवलंय, त्याजागी शर्टाचं पांढरं बटण आहे. खेळ अर्धा तास आणि गप्पा तासभर! लॉरा कार्स्टन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं आहे की वय वाढतं तशी माणसं आपणहून गोतावळा कमी करतात आणि जवळची तेवढी धरून ठेवतात, म्हणजे मित्र कमी आहेत म्हणून लगेच घाबरून जाऊ नका.

पूर्ण एकट्याचा छंद, म्हणजे वाचन, झाडं, वाद्य, त्यालाही कमी लेखू नका, गुडघे दुखतात त्या दिवशी तोच कामी येतो. ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांवरच्या २००३ सालच्या एका अभ्यासात वाचन करणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांत डिमेन्शियाचं (म्हणजे स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण कमी दिसलं, आता छंदामुळेच कमी झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण यातलं बरंचसं घरबसल्या होतं हे बघा. फक्त जिवाभावाचं माणूस गेलंय तिथे नुसता एकट्याचा छंद देऊन मोकळं होऊ नका. टीव्हीने वेळ जातो, पण नुसता त्याच्यावर दिवस काढू देऊ नका.

म्हणून ग्रुप शोधण्याआधी शांतपणे बसून विचारा की कोणाची आठवण येते. एकच नाव आलं तर त्या नावाच्या जवळपासचं एखादं माणूस शोधा, जुना मित्र, बहीण, कोणीही, आणि रोजची वेळ ठरवून द्या. "सगळ्यांचीच, ऑफिसची" असं उत्तर आलं तर खुशाल ग्रुप, पण असा बघा जिथे त्यांच्या हातात काहीतरी काम असेल.

बाबा आता महिन्यातून एकदा आपणहून गाण्याला जातात, कानाला मशीन लावून. पण चारच्या आत घरी.