शिबिर मस्त, पण मुलीच्या संवादांच्या मागे दुसऱ्याच्या मुलाचा फॉर्म

ठाण्यात नौपाड्यातली एक छोटी सांस्कृतिक संस्था. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माणसं खरंच चांगली आहेत आणि मला कोणाला बदनाम करायचं नाहीये, पण मे महिन्यात पोरांना असल्या शिबिरांना घालणाऱ्यांनी काय विचारून घ्यावं हे कळावं म्हणून लिहितेय. यंदा लेकीला (तिसरीत गेलीय) दहा दिवसांच्या बालनाट्य शिबिराला घातलं होतं. फी २२०० रुपये, शाळेचा हॉल, तीन पंखे त्यातला एक चालू, आणि गाडी लावायची म्हणाल तर राम मारुती रोड ते घंटाळी फिरत बसा.

शिकवण्याबद्दल आधीच सांगते, पूर्ण मार्क. घरी पाहुणे आले की माझ्या मागे लपणारी मुलगी शेवटच्या दिवशी माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलली. ताई ओरडत नाहीत, पाठांतर घोकून घेत नाहीत, आधी खेळ मग संवाद. त्यात काही बोलायलाच नको.

आता बाकीचं. दारात टेबलावर एक जाडजूड फुलस्केप वही, येणाऱ्या प्रत्येकाने नाव, पत्ता, मोबाईल, सही करायची. म्हणजे तुमच्या वर वीस जणांचे नंबर तुम्ही आरामात वाचता आणि तुमचा नंबर खालचे वीस जण. दुसऱ्या दिवशी माझ्या पुढच्या गृहस्थांनी चक्क पानाचा फोटो काढला, विचारलं तर म्हणे ओळखीच्यांचा नंबर हवा होता. टेबलावरचा मुलगा हसला फक्त. नाव आणि सही पुरेशी नाही का, पत्ता कशाला हवाय, मी काय गॅसचं कनेक्शन घेतेय का.

वयाच्या दाखल्यासाठी मुलांच्या आधारची झेरॉक्स मागत होते. मी शाळेचं ओळखपत्र दिलं, त्यावर जन्मतारीख असते, त्यांनी काही न बोलता घेतलं. म्हणजे आधारवाचून काही अडत नव्हतं, सवयीने मागत होते आणि लाईनीतले सगळे सवयीने देत होते. अगदी द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ फक्त दिसतात, आधारच्या साईटवरून फुकट डाउनलोड होतं.

आणि मग चौथा दिवस. लेक संवादांचा कागद घेऊन आली, पाठ करायला बसली, मी सहज कागद उलटा केला तर मागे गेल्या वर्षीचा कोणाच्यातरी मुलाचा भरलेला फॉर्म! नाव, शाळा, बिल्डिंग, आईवडील दोघांचे मोबाईल, आणि 'काही आजार असल्यास' या रकान्यात जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळावं असं कुठल्याही आईला वाटणार नाही. पाठकोरे कागद वापरले होते हो. आमच्या घरीपण पाठकोरे वापरतो, माझे आजोबा तर लग्नपत्रिकांच्या मागे वाण्याची यादी करायचे, काटकसर मला कळते. पण चाळीस मुलं, चाळीस कागद, चाळीस घरं. मी लेकीकडून संवाद वहीत उतरवून घेतले आणि तो कागद बारीक फाडला.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या काकांशी बोलले (सत्तरीचे असतील, सगळं तेच बघतात, पैसे घेण्यापासून सतरंज्या घालण्यापर्यंत). ऐकून त्यांचा चेहरा उतरला, खोटं नाही सांगत, पण पहिलं वाक्य आलं ते "अहो, आपलीच तर माणसं आहेत सगळी." माझं घोडं इथेच अडतं. पूर्वी ते कागद कपाटात असायचे, किल्ली काकांकडे असायची, तेव्हा आपलीच माणसं म्हणजे दहा-बारा होती. आता पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप १८० जणांचा आहे, त्यात गेल्या चार वर्षांचे पालक तसेच पडून आहेत, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि तिसऱ्या दिवसापासून मला विमावाल्यांचे फोन चालू झाले. वहीतून गेला की ग्रुपमधून ते मी सिद्ध नाही करू शकत.

काका म्हणाले कायदाबियदा मोठ्या कंपन्यांना असतो. तसं नाहीये काका. २०२३ चा जो डेटा संरक्षणाचा कायदा आहे त्यात १८ च्या खालचं प्रत्येक पोर लहान मूल धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला आईबापाची परवानगी लागते, ती माहिती कशाला हवी ते सांगावं लागतं, आणि ते मराठीत वाचायला मिळण्याचीही सोय हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतायत. गंमत म्हणजे हा कायदा डिजिटल माहितीचा आहे, नुसता कागद असेल तर लागू नाही, पण काकांच्या पुतण्याने ते सगळे फॉर्म एक्सेलमध्ये भरून ठेवलेत!

एक गोष्ट मात्र मानली. प्रयोगाच्या दिवशी एक कार्यकर्ता मोबाईल घेऊन लाईव्ह करत करत रंगपटात शिरला, आत मुली कपडे बदलत होत्या. ताईंनी त्याचा फोन काढून घेतला, लाईव्ह बंद केलं, बाहेर काढला आणि दाराशी एका आजींना खुर्ची टाकून बसवलं. त्यासाठी कुठला कायदा वाचावा लागला नाही त्यांना. फेसबुकवर मुलांचे फोटो नाव आणि शाळेसकट टाकलेले, तेही मी मेसेज केल्यावर अर्ध्या तासात नावं काढली. फोटो राहू द्या म्हटलं, नाव-शाळा नको.

आता वहीत फक्त नाव आणि सही असते, मी परवा एका कार्यक्रमाला गेले तेव्हा बघितलं. जुने फॉर्म काकांनी माझ्यासमोर फाडले. एक्सेलचं काय झालं माहीत नाही, विचारलं तर "पुतण्याला सांगतो." ग्रुप बंद करून व्हॉट्सॲप कम्युनिटी करा, तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये मेंबरांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हे दोनदा समजावलं, दोन्ही वेळा हो म्हणाले.

साडेतीन स्टार. पुढच्या वर्षी पाठवणार, ताईंसाठी. ग्रुप अजून तसाच आहे, काल त्यावर कुठल्यातरी क्लासवाल्याचा मेसेज आला, 'दहावी बॅच, मर्यादित जागा, त्वरा करा', आणि खाली काकांचा अंगठा.